चिठ्ठीत न लिहिलेले पथ्य

मराठी माणसाच्या मनात औषध आणि पथ्य यांची जोडी फार जुनी आहे. औषध देऊन पथ्य न सांगणारा वैद्य आपल्याकडे अर्धा वैद्य समजला जात असे. आजही जळगाव वा धुळे जिल्ह्यातील एखाद्या बाजारगावच्या दवाखान्यातून बाहेर पडणारा रोगी पायरी उतरण्याआधी मागे वळून "डॉक्टरसाहेब, पथ्य काय?" असे विचारतोच. आंबट टाळायचे की नाही, केळी चालतील की नाही, भाकरी खायची की नाही, याची उत्तरे तो श्रद्धेने ऐकतो आणि घरी जाऊन ती पाळतोही. मात्र ज्या एका पथ्याने त्याचे आयुष्य खरोखर काही वर्षांनी वाढावे, ते पथ्य बहुधा त्याला सांगितलेच जात नाही. खोकल्याचे औषध चिठ्ठीवर लिहिले जाते. खोकल्याचे कारण रोग्याच्या खिशातल्या विडीच्या कट्ट्यात तसेच राहते.

हे विधान डॉक्टरांवर राग म्हणून केलेले नाही. त्याला देशव्यापी पाहणीचा आधार आहे. प्रौढांमधील तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तिच्यात एक प्रश्न असा होता : गेल्या बारा महिन्यांत तुम्ही डॉक्टरांकडे वा आरोग्यसेवकाकडे गेला असाल, तर त्यांनी तुम्हाला तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला काय? धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनी 'होय' असे उत्तर दिले. तंबाखू खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण केवळ ३१.७ टक्के होते. म्हणजे व्यसनी माणूस स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला, बाकावर बसला, त्याची नाडी पाहिली गेली, छातीला नळी लागली. आणि तरीही धूम्रपान करणाऱ्यांतील निम्म्याहून अधिक व तंबाखू खाणाऱ्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे त्या एका वाक्यावाचून परत गेली. याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याच्या विचारात असल्याचे आढळले, हे ध्यानात घेतले म्हणजे या मौनाची किंमत कळते. दार अर्धे उघडलेलेच होते. ते ढकलणारा हात तेवढा पुढे आला नाही.

प्रश्नच अपुरा

खानदेशात या मौनाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात तंबाखूचा विषय निघाला की डोळ्यांपुढे सिगारेट उभी राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यांत ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे वा दातांना लावणारे २४.४ टक्के आहेत. काही जण दोन्ही करतात. तेव्हा "विडी-सिगारेट ओढता काय?" एवढाच प्रश्न जो डॉक्टर विचारील, त्याला दहांपैकी नऊ वेळा प्रामाणिक 'नाही' ऐकू येईल, आणि त्याच वेळी त्या रोग्याच्या गालात चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूची गोळी विरघळत असेल.

मिश्रीची गोष्ट तर याहून अवघड. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू दातांना लावणारी बाई स्वतःला व्यसनी मानत नाही. तिच्या लेखी ते दातवण आहे. दाढ दुखते म्हणून सुरू झालेली मिश्री दिवसातून एकदाची चार वेळा होते, गरोदरपणात चालू राहते, आणि कमी वजनाच्या बाळाचे कारण शोधताना तिचे नावही कोणाच्या तोंडी येत नाही. महाराष्ट्रात साधारणपणे सहा स्त्रियांमागे एक स्त्री तंबाखूचे सेवन करते. एवढ्या मोठ्या समुदायाला 'तुम्ही धूम्रपान करता काय' असे विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच होय. प्रश्न करायचा तर तो मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विडी अशी एकेक वस्तू नाव घेऊन करावा लागेल. आणि तोही रोग्याच्या बोलीत. धुळ्याच्या खेड्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा पायथ्याशी पावरी, अशी भाषा बदलत जाते. पुस्तकी मराठीतील 'तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन' हे शब्द तेथे भिंतीवरच्या फलकापुरते उरतात.

थोड्या वेळाचे मोल

डॉक्टरांची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे. बाहेर साठ-सत्तर माणसे ताटकळत असताना एकेकाला प्रवचन कसे देणार? दिले तरी ऐकतो कोण? रोगी दुखावला तर उद्या शेजारच्या दवाखान्यात जाईल. शिवाय वर्षानुवर्षांचे व्यसन दोन वाक्यांनी सुटते यावर कोणाचा विश्वास बसणार?

या शेवटच्या शंकेचे उत्तर १९७९ साली लंडनमध्ये मिळालेले आहे. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पाच दवाखान्यांतील २८ कुटुंबवैद्यांच्या मदतीने एक साधा प्रयोग केला. दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या रोग्यांचे गट पाडण्यात आले. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्या टोकाच्या गटाला डॉक्टरांनी एकदोन मिनिटांत स्पष्ट शब्दांत सिगारेट सोडण्यास सांगितले, एक पत्रक हाती दिले आणि पुढे चौकशी केली जाईल अशी सूचना दिली. वर्षानंतर पाहिले तेव्हा ज्यांना काही सांगितले नव्हते त्यांच्यातील ०.३ टक्के लोक व्यसनमुक्त राहिले होते. ज्यांना सांगितले, पत्रक दिले आणि पुन्हा विचारू म्हटले त्यांच्यातील ५.१ टक्के.

शंभरांत पाच हा आकडा पाहून कोणी हसेल. परंतु हिशेब मांडून पाहावा. एखाद्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरकडे वर्षभरात तंबाखू घेणारी हजार निरनिराळी माणसे येतात असे केवळ समजुतीसाठी धरू. लंडनचे प्रमाण खानदेशात जसेच्या तसे उतरेल असे नव्हे. ते निम्मे धरले तरी पंचवीस माणसे दरसाल सुटतात. त्यासाठी यंत्र नको, खाट नको, भूल नको. एका तालुक्यातील वीस डॉक्टरांनी हे व्रत घेतले तर पाचशे कुटुंबांतील धूर वा पिंक थांबते. वैद्यकशास्त्रात इतक्या स्वस्तात इतके आयुष्य विकत देणारी दुसरी गोष्ट शोधावीच लागेल. आणि त्या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग बहुधा शेवटचाच होता : 'पुन्हा विचारू' हे शब्द. आपल्याला कोणी विचारणार आहे ही जाणीव माणसाला सावरते. परीक्षा असल्याशिवाय अभ्यास होत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

सोडल्याने लाभ किती, याचेही गणित पक्के आहे, आणि योगायोग असा की ते डॉक्टरांच्याच देहावर मांडले गेले. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती घेतली. सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली. पुढे पन्नास वर्षे त्यांच्या आयुर्मानाचा मागोवा घेण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, धूम्रपान करीत राहणारे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरण पावले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याने सुमारे तीन वर्षे परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याने सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्याने जवळजवळ सगळी. 'आता या वयात सोडून काय उपयोग?' असे ओट्यावर बसून म्हणणाऱ्या प्रत्येक आप्पा-तात्यांना हे आकडे ऐकवले पाहिजेत. स्वतः डॉल यांनीही धूम्रपान सोडले. ज्या डॉक्टरच्या टेबलाच्या खणात सिगारेटचे पाकीट असते, त्याने या गोष्टीचा विचार करावा. रोगी चिठ्ठी वाचत नाही. तो डॉक्टरचे ओठ पाहतो.

पाय, छाती आणि संधी

काही रोग असे आहेत की त्यांत तंबाखू सोडणे हे पथ्य नसून प्रत्यक्ष उपचारच आहे. १९०८ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी ज्या रोगाचे वर्णन केले, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हातापायांच्या रक्तवाहिन्या बुजत जातात, चालताना पोटऱ्या दुखतात, मग बोट काळे पडते, जखम भरत नाही आणि अखेर बोट, पाऊल, पाय अशी कापाकापी सुरू होते. ऐन तिशी-चाळिशीतील विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत हा रोग आपल्याकडे शल्यचिकित्सकांच्या चांगला परिचयाचा आहे. येथे औषधांचा उपयोग मर्यादित. विडी पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची मोठी शक्यता आणि दिवसाला दोन जरी चालू राहिल्या तरी करवतीचा धोका कायम. 'कमी करा' हा सल्ला या रोगात निव्वळ फसवणूक ठरतो. जमिनीच्या तुकड्यावर पायाने राबणाऱ्याचा पाय गेला म्हणजे घराचे काय होते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

क्षयाची गोष्टही तितकीच गंभीर. तामिळनाडूत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. क्षयाच्या रोग्याला निदान सहा महिने औषध घ्यावे लागते. आरोग्यसेवकाशी त्याची गाठ वारंवार पडते. व्यसन सोडवण्यासाठी याहून चांगली संधी कोणती? केंद्र सरकारने २०१७ मध्ये क्षयरोग आणि तंबाखू नियंत्रण या दोन कार्यक्रमांना जोडणारा आराखडाही आखला. प्रश्न आराखड्याचा नाही; गोळीची पुडी हाती देताना "या आठवड्यात किती विड्या झाल्या?" असे विचारणाऱ्या माणसाचा आहे.

अशा संधी आणखीही आहेत. छातीत पहिली कळ येऊन माणूस बचावतो तो दिवस, शस्त्रक्रियेची तारीख ठरते तो दिवस, घरात पाळणा हलणार असे कळते तो दिवस, तोंडातला पांढरा चट्टा पाहून मनात धस्स होते तो दिवस. त्या दिवशी माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. महिनाभराने तो पुन्हा पानटपरीवर दिसतो. तोंडाच्या बाबतीत तर आपल्याच मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली मोलाचे काम केले आहे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासण्यात आली. पुढे देशाच्या तीन भागांतील ३६ हजारांवर तंबाखू घेणाऱ्यांना तपासणीच्या वेळी व्यक्तिशः समजावण्याचा आणि त्याला लोकशिक्षणाची जोड देण्याचा प्रयोग झाला. समजावल्याने लोक तंबाखू सोडतात, कमी करतात आणि कर्करोगाच्या आधी येणारे चट्टे घटतात, हे त्यातून १९८० च्या दशकातच दिसून आले. म्हणजे हे ज्ञान परदेशी नाही. ते या मातीत, या माणसांवर सिद्ध झालेले आहे.

दोष की आजार?

तरीही उपदेश आणि उपचार यांत अंतर आहे. "मरायचे असेल तर ओढ" असे ओरडणारा डॉक्टर प्रामाणिक असेल, पण उपयोगाचा नाही. निकोटीन हे मेंदूला जखडणारे द्रव्य आहे. ते सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, आणि आपल्याकडची नेहमीची तक्रार म्हणजे 'विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही'. ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात व साधारण महिन्याभरात ओसरतात. हे आधी सांगितले तर रोगी धीर धरतो. न सांगितले तर तिसऱ्या दिवशी 'आपल्याला सोसत नाही' असा निष्कर्ष काढून तो पूर्ववत होतो. कोठा साफ राहण्यासाठी सकाळी कोमट पाणी, आहारात पालेभाजी. तलफ आली तर ती काही मिनिटांत उतरते हे ज्ञान. खिशात तंबाखूच्या डबीऐवजी बडीशेप. आणि सोडण्याचा ठरलेला एक दिवस, या साध्या गोष्टी डॉक्टरच्या तोंडून आल्या म्हणजे त्यांना वजन येते.

ज्यांना एवढ्याने पुरे होत नाही त्यांच्यासाठी औषधे आहेत. निकोटीनचे गम आणि पट्ट्या २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन २०२१ मध्ये त्या यादीत आली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतही निकोटीन पर्यायी उपचाराला स्थान मिळाले. व्यसन हा नीतीचा गुन्हा नसून उपचाराने बरा होणारा आजार आहे, ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले ते याच विश्वासावर. दारू वा गर्द यांच्या बाबतीत समाजाने जी सहानुभूती स्वीकारली, ती तंबाखूच्या वाट्याला आलेली नाही, कारण तंबाखूने माणूस रस्त्यावर झिंगत पडत नाही. तो सभ्यपणे कचेरीत बसतो, वर्गात शिकवतो, आणि वेळेआधी सभ्यपणे मरतो.

व्यवस्थेचा वाटा

सगळा भार डॉक्टरांच्या खांद्यावर टाकून शासनाला सुटता येणार नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई हे २००३ च्या कायद्याने ठरले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. तथापि मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्या सीमेला टेकलेल्या, आग्रा-मुंबई महामार्ग पोटातून जाणाऱ्या धुळे जिल्ह्यात गुटख्याची वाहने पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत. पकडलेल्या वाहनाची बातमी होते. निसटलेल्यांचा माल टपरीवर लोंबताना दिसतो. अशा वातावरणात डॉक्टरचा सल्ला म्हणजे प्रवाहाविरुद्ध मारलेला हात. म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही; उलट वाढते.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर समुपदेशन केंद्राची तरतूद आहे. धुळ्यात १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंतमहाविद्यालय आहे. जळगावात २०१८ पासून शासकीय महाविद्यालय सुरू झाले. एवढी सामग्री असलेल्या दोन जिल्ह्यांना काही गोष्टी अशक्य नाहीत. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर वय आणि पत्ता यांच्याखाली 'तंबाखू : कोणती, किती' अशी एक ओळ छापणे, ही पहिली. छापलेली ओळ भरावी लागते, आणि भरायची म्हणजे विचारावे लागते. निकोटीनचे गम जिल्हा रुग्णालयाच्या कुलपात न राहता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर मिळणे, ही दुसरी. भावी डॉक्टरांना हृदयाचे ठोके ऐकण्याबरोबर हा संवाद करण्याचेही शिक्षण देऊन त्याची परीक्षा घेणे, ही तिसरी. आणि खेड्यांतील रोग्यांचा मोठा भाग ज्यांच्याकडे प्रथम जातो त्या आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांना, परिचारिकांना व आशा कार्यकर्त्यांना या कामात सन्मानाने सामावून घेणे, ही चौथी. गडचिरोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' दारू आणि तंबाखूविरुद्ध जिल्हाव्यापी काम करू शकतो, तर महाविद्यालये आणि विद्यापीठ असलेल्या खानदेशाने साधनांची सबब सांगू नये.

उरला रोगी. तो केवळ ऐकणारा नाही. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्यापैकी ज्यांना हे पथ्य हवे आहे, त्यांनी डॉक्टर विचारतील म्हणून थांबण्याचे कारण नाही. "मला तंबाखू सोडायची आहे, मदत करा" हे वाक्य रोग्याने उच्चारले तर घाईतल्या डॉक्टरलाही लेखणी खाली ठेवून वर पाहावे लागते. दवाखाना दूर असेल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय साहाय्यवाणीचा विनामूल्य क्रमांक आहे. वडिलांच्या सांगण्यावरून टपरीवर विडी आणायला जाणारे पोर उद्याचा ग्राहक असते, एवढे भान घरातल्या मोठ्यांनी ठेवले तरी दवाखान्याचे अर्धे काम घरीच होईल.

डॉक्टरांवर समाजाने टाकलेला विश्वास ही त्यांची खरी मिळकत होय. खानदेशात तो विश्वास अजून शाबूत आहे. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला मुलगा सांगतो तेव्हा तो ऐकत नाही, सून सांगते तेव्हा रागावतो. डॉक्टरांनी सांगितले की मात्र दारात बसून विडीच्या कट्ट्याकडे काही क्षण पाहत राहतो. त्या काही क्षणांत त्याचा निर्णय होण्यासारखा असतो. तेवढे क्षण त्याला मिळवून देणे, आणि पुढच्या वेळी तो आला की आठवणीने विचारणे, याला कायद्याची दुरुस्ती लागत नाही, अनुदान लागत नाही. चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ वाढवावी लागते, एवढेच.